‘विषारी’ माकडाची खरी गोष्ट

झांझिबार बेटावरच्या लाल कोलोबसला स्वाहिलीत ‘किमा पुंजू’ म्हणतात, म्हणजे विषारी माकड. ते ज्या झाडावर चरतं ते झाड वाळतं, त्याचं मांस खाणाऱ्या कुत्र्याचे केस झडतात, अशी तिथली जुनी समजूत.

यात तथ्य नाही. हे माकड पाला, कळ्या आणि कच्ची फळं खातं. त्याच्या पोटात गाईसारखे कप्पे असतात आणि तिथले जंतू पाला आंबवतात. आपल्या कोकणातला वानर त्याचा पानखाऊ भाऊबंदच. फक्त कोलोबसला अंगठा जवळपास नसतोच, बारीकसा खुंट तेवढा उरलाय.

गंमत अशी की विष असतं ते त्याच्या जेवणात! जोझानी जंगलालगतच्या बागांमध्ये ही माकडं आंब्याची आणि देशी बदामाची पानं ओरबाडतात. या पानांत फेनॉल जातीची तुरट द्रव्यं भरपूर. त्यावर उतारा म्हणून ती चक्क लोणारी कोळसा खातात. जळक्या बुंध्यापाशी नाहीतर कोळशाच्या भट्टीपाशी बसून काळा तुकडा कुरतडतात. कोळसा ती द्रव्यं शोषून घेतो.

आणि ही माकडं नारळाचं नुकसान करतात, या तिथल्या शेतकऱ्यांच्या तक्रारीचं काय? कोवळी फळं ती खातात, हे खरं. पण 1990च्या दशकात मोजणी झाली तेव्हा माकडांनी जास्त खाल्लेल्या माडांवर अखेरचं पीक घटलेलं नव्हतं, उलट थोडं जास्तच निघालं. माड स्वतःही जादा बोंडं गाळतोच की.