मोठा क्रॉस कुत्रा घरात: पहिल्या दोन वर्षांचं माहितीपत्रक

आमच्याकडे मोठ्या क्रॉस, म्हणजे मिश्र जातीच्या, कुत्र्याच्या शिकवणीसाठी नाव नोंदवलेल्या प्रत्येक घराला हे पत्रक आम्ही पहिल्या भेटीआधी देतो. घरातल्या सगळ्यांनी ते वाचावं, ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही त्यांना वाचून दाखवावं. आम्ही आठवड्यातून तासभर येणार. उरलेला आठवडा कुत्रा तुमच्याकडूनच शिकत असतो.

आमच्या सगळ्या कामाच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. दोन महिन्यांचं पाच किलोचं पिल्लू पायांशी झटतं, बाहीला लोंबकळतं, ताटातलं मागतं आणि सगळं घर त्याचं कौतुक करतं. दीड वर्षानं ते पस्तीस किलोचं होतं आणि अगदी तेच करतं. त्याच्या लेखी काहीच बदललेलं नसतं. म्हणून आज एखादी गोष्ट चालवून घेताना एवढंच विचारा: पस्तीस किलोच्या कुत्र्यानं हे केलं तर चालेल का? चालणार नसेल, तर पहिल्या दिवसापासून नको.

जात कोणती, हा प्रश्न

फोनवर बहुतेक जण आधी हेच विचारतात. आई गावठी, बाप बहुधा शेफर्ड. किंवा देणाऱ्यानं लॅब-क्रॉस (लॅब्रेडॉरचा संकर) म्हणून दिलं आणि आता कान उभे राहिलेत. आमचं उत्तर असं की रंगरूपावरून फार अंदाज बांधू नका. २०२२ साली 'सायन्स' नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. त्यात अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांनी माहिती दिली होती. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यात जो फरक असतो, त्यातला साधारण ९ टक्केच जातीवरून सांगता येतो, असं त्यातून दिसलं. क्रॉस कुत्र्याच्या बाबतीत तर समोरचं जनावर पाहणं एवढाच मार्ग उरतो. तो कशाला घाबरतो, कशासाठी वेडा होतो, अनोळखी माणूस दारात आला की पुढे जातो की मागे सरतो, हे आठवडाभर लिहून ठेवा. ती वही आम्हाला कुठल्याही कागदपत्रापेक्षा जास्त उपयोगी पडते.

वजनाचा अंदाज मात्र हवा. चौथ्या महिन्यातच पंधरा किलोच्या आसपास गेलेलं पिल्लू मोठंच होणार, असं धरून चाला.

हाडं, जेवण आणि गुळगुळीत फरशी

मोठ्या कुत्र्याची हाडं साधारण बारा ते अठरा महिन्यांपर्यंत पक्की होत असतात. तोवर जिन्यावरून धावत उतरवणं, उंचावरून उड्या मारायला लावणं, सायकलमागे पळवणं बंद. आपल्याकडच्या व्हिट्रिफाइड टाइल्सवर पिल्लांचे मागचे पाय फाकतात आणि वाढत्या खुब्यांवर ताण येतो. जिथे तो सगळ्यात जास्त वावरतो, त्या वाटेवर रबरी चटया किंवा जुन्या योगा मॅट टाका. नखं आणि पंजांमधले केस वेळच्या वेळी कापा.

मोठं पिल्लू जाडजूड करायची घाई करू नका. वजन भराभर वाढलं की सांधे भरडले जातात. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण हात फिरवला की बोटांना लागाव्यात. आणि हे आम्ही कळकळीनं सांगतो: कुणी सांगितलं म्हणून कॅल्शियमचं सिरप सुरू करू नका. पिल्लांसाठीचं चांगलं तयार खाणं देत असाल, तर त्यात कॅल्शियम पुरेसं असतं. मोठ्या चणीच्या पिल्लांमध्ये जादा कॅल्शियममुळे हाडांची वाढच बिघडते. डॉक्टरांनी तपासून लिहून दिलं तरच द्यायचं. नुसत्या दूध-पोळीवर पिल्लू वाढवणंही पुरेसं नाही. घरचं द्यायचं असेल तर अंडी, चिकन, भात, भोपळा यांचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. द्राक्षं, मनुका, बेदाणे, चॉकलेट, कांदा, लसूण आणि शिजवलेली हाडं कधीच नाहीत. सणाच्या दिवशी शिऱ्यातला बेदाणा कुत्र्याच्या पोटात गेला असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा.

खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांमध्ये पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो. दिवसाचं जेवण दोन वेळांत विभागून द्या आणि जेवणानंतर तासभर तरी धावपळ नको. पोट टम्म झालंय, उलटीचे उमाळे येतात पण बाहेर काही पडत नाही, असं दिसलं तर तो मध्यरात्रीही दवाखान्यात न्यायचा प्रसंग आहे.

उडी आणि पट्टा

आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत या दोन सगळ्यात जास्त असतात, आणि दोन्हींची दुरुस्ती घरातल्या माणसांपासून सुरू होते.

पुण्यात कोथरूडच्या एका घरात आम्ही दारात उभे राहून नुसतं पाहत होतो. मुलगी कॉलेजमधून आली, कुत्र्यानं खांद्यावर पंजे ठेवले, तिनं मिठी मारली. दहा मिनिटांनी आजी देवळातून आल्या, त्यानं तेच केलं आणि आजी दाराची चौकट धरून कशाबशा उभ्या राहिल्या. वडील ओरडले. कुत्रा गोंधळून सोफ्यामागे गेला. एकाच कृतीला एकदा मिठी आणि एकदा आरडाओरडा मिळाला, तर त्यानं काय समजायचं? त्या घरात नियम इतकाच केला: चारही पाय जमिनीवर असतील तरच कुणीही त्याच्याकडे पाहायचं, बोलायचं, हात लावायचा. उडी मारली की पाठ फिरवायची, हात छातीशी, तोंडातून शब्द नाही. पाय खाली टेकले की लगेच खाऊ. मुलीला हे सगळ्यात जड गेलं, पण तिनं पाळलं म्हणूनच जमलं.

खाऊ द्यायचा तो कृती झाल्याबरोबर, एक-दोन सेकंदांत. डबा शोधेपर्यंत तो बसलेला उठतो आणि उठण्याचं बक्षीस मिळतं. तुकडा हरभऱ्याएवढा पुरे. उकडलेलं चिकन उत्तम. शाकाहारी घरात पनीर, गाजर चालतं. तेवढं खाणं रोजच्या जेवणातून कमी करा. शब्द कोणतेही ठेवा, पण सगळ्या घराचे एकच: 'बस', 'थांब', 'ये', 'सोड' एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा. 'ये' म्हणून बोलावलं आणि आल्यावर रागावलात किंवा थेट आंघोळीला नेलंत, तर पुढच्या वेळी तो येणार नाही.

पट्ट्याचं तत्त्व एक आहे: ताणल्यावर पुढे जायला मिळालं, तर कुत्रा ताणायलाच शिकतो. पट्टा ताठ झाला की झाडासारखे उभे राहा. ओढू नका, बोलू नका. त्यानं मागे वळून पाहिलं, पट्टा सैल झाला, की चाला. पहिल्या आठवड्यात इमारतीच्या फाटकापर्यंतही पोहोचणार नाही, आणि ते ठीक आहे. छातीवर पुढे कडी असलेला हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी अंगात घालायचा पट्टा, वापरा. गळा आवळणाऱ्या साखळ्या आणि खिळ्यांचे पट्टे आम्ही वापरत नाही, वापरू देत नाही. त्यांनी श्वासनलिकेला इजा होऊ शकते आणि समोरून येणारा दुसरा कुत्रा म्हणजे वेदना, अशी गाठ त्याच्या मनात बसते.

सात-आठ महिन्यांपासून दीड-दोन वर्षांपर्यंत शिकलेलं सगळं विसरल्यासारखा वागेल. तो वयाचा भाग आहे. खाऊ पुन्हा वाढवा, अपेक्षा थोड्या कमी करा, नियम तेच ठेवा. नसबंदी कधी करायची ते डॉक्टरांशी बोला. मोठ्या कुत्र्यांत बरेचदा थोडं थांबायला सांगतात.

ढोल-ताशा आणि फटाके

पुण्यात कुत्रा पाळायचा तर याची तयारी करावीच लागते. गणपतीच्या दीड-दोन महिने आधी नदीपात्रात आणि मैदानांवर पथकांचा सराव सुरू होतो. पुष्कळ जण त्या भागात कुत्र्याला फिरकूही देत नाहीत. आम्ही उलट सांगतो: सराव हीच संधी आहे, फक्त अंतर राखून. ढोल जेमतेम ऐकू येतो अशा जागी उभे राहा. कान वळतात, पण तो खाऊ घेतोय, म्हणजे अंतर बरोबर. खाऊ नाकारला, शेपूट पोटाखाली गेली, तर आणखी लांब जा. ठोका ऐकू आला की खाऊ, थांबला की खाऊ बंद. पाच-दहा मिनिटांत परत फिरा. दोन-चार दिवस निवांत गेले, तरच थोडं जवळ. पिल्लू तीन ते चौदा आठवड्यांचं असतं तेव्हा हे सगळ्यात सोपं जातं. मात्र लसी पूर्ण झालेल्या नसतील तर त्याला कडेवरच ठेवा, जमिनीवर सोडू नका. पार्वो आणि डिस्टेंपर हे पिल्लांचे जीवघेणे आजार बरेचदा रस्त्यावरून येतात.

प्रत्यक्ष मिरवणुकीत कुत्रा नेऊ नका, कितीही शहाणा असला तरी. अनंत चतुर्दशीला आणि दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, आवाज सुरू व्हायच्या आत त्याला फिरवून आणा. मग आतली खोली, पडदे ओढलेले, पंखा आणि टीव्ही चालू. घाबरून तुमच्याजवळ आला तर जवळ घ्या. जवळ घेतल्यानं भीती वाढते हा गैरसमज आहे. गळ्यातल्या बिल्ल्यावर तुमचा फोन नंबर हवाच, कारण याच दिवसांत कुत्रे बिथरून पळतात. जो थरथर कापतो, दारं ओरबाडतो, त्याच्यासाठी डॉक्टर आधीच औषध लिहून देतात. ते निदान पंधरा दिवस आधी विचारा. माणसांच्या झोपेच्या गोळ्या कदापि नाहीत.

टेकडी, ऊन, पाऊस

वेताळ टेकडी असो वा तळजाई, पट्टा सोडू नका. तिथे मोर आहेत, घोणस आहे, आणि पहाटे चालायला येणारी वयस्क माणसं आहेत. पावसाळा सरला की गवताची कुसळं सुटतात. कानात, बोटांच्या बेचक्यात ती घुसतात आणि आतच सरकत जातात. फिरून आल्यावर एखादा पंजा सारखा चाटत असेल, तर आधी तिथे पाहा. त्याच वेळी गोचिडी तपासा: कानाच्या आत, पट्ट्याखाली, काखेत. गोचीडतापात कुत्रा खाणं सोडतो, मरगळतो, हिरड्या फिक्या पडतात. रक्ततपासणीला उशीर करू नका. पावसात साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार होतो. त्याची लस दिली आहे का ते पाहा.

एप्रिल-मे महिन्यांत सकाळी सातच्या आत आणि रात्रीच फिरवा. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवता येत नसेल, तर त्याच्या पंजांनाही तो रस्ता भाजतो.

मुलं आणि गुरगुर

कुत्रा गुरगुरला की त्याला मारू नका. ती सूचना आहे. ती मार खाऊन बंद झाली, तर पुढच्या वेळी तो सूचना न देता चावेल. गुरगुरण्याआधीही तो बोलत असतो: तोंड फिरवतो, ओठ चाटतो, उगाच जांभई देतो, अंग ताठ करतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो. पाचवीसहावीतलं मूल हे सहज ओळखायला शिकतं. त्याहून लहान मुलांना कुत्र्याजवळ एकटं सोडू नका. जेवताना, झोपेत आणि हाड चघळताना त्याला कुणीच हात लावायचा नाही.

दात लागलाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, कुत्रा घरचा आणि लस दिलेला असला तरी.

सोसायटी आणि कायदा

पुणे महापालिकेचा परवाना घ्यावा लागतो. त्यासाठी रेबीज लसीचं प्रमाणपत्र लागतं. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला कुत्रा पाळण्यावर किंवा लिफ्ट वापरण्यावर बंदी घालता येत नाही. दुसरी बाजूही लक्षात ठेवा: निष्काळजीपणामुळे आपल्या जनावरापासून कुणाच्या जिवाला धोका निर्माण झाला किंवा गंभीर इजा होण्याची वेळ आली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लिफ्टमध्ये कुणी आधीच असेल तर पुढच्या फेरीची वाट पाहा. मोठ्या कुत्र्याला घाबरणारा शेजारी चुकीचा नसतो. शी उचलायची पिशवी खिशात ठेवा.

पहिल्या भेटीला

लसीचं पुस्तक, नेहमीचा पट्टा आणि वर सांगितलेली वही काढून ठेवा. आम्ही येण्याआधी तीन तास खाणं देऊ नका, पाणी द्या. घरकामाला येणाऱ्या ताई त्या वेळी असतील तर फार बरं. दिवसभर कुत्र्याचा संबंध त्यांच्याशीही येतो. तो आधी कुणाला चावला असेल, अगदी निसटता दात लागला असेल, तरी फोनवर आधी सांगा, म्हणजे भेट घरात घ्यायची की बाहेर ते ठरवता येईल. बेल वाजल्यावर त्याला आतल्या खोलीत ठेवा. आम्ही बसल्यावर पट्ट्यासकट बाहेर आणा.