ऑडिट की संशोधन? धमनी तीच, आकडा तोच

फुप्फुसाच्या धमन्यांचा सीटी अँजिओ, म्हणजे शिरेतून कॉन्ट्रास्ट (आयोडीन असलेलं, स्कॅनमध्ये उजळ दिसणारं औषध) देऊन रक्ताची गुठळी शोधणारा स्कॅन. मुख्य धमनीवर माउसने छोटं वर्तुळ काढलं की वर्कस्टेशनवर आकडा येतो: 185, 240, 310 हाउन्सफील्ड युनिट (स्कॅनमधल्या उजळपणाचं माप). रेडिओलॉजीचा रेसिडेंट असे शे-दीडशे केसेसचे आकडे एक्सेलमध्ये भरतो. गाइड विचारतात, "हे ऑडिट आहे की संशोधन?" उत्तर बहुधा असं असतं, "सर, जे लवकर होईल ते."

मोजायची पद्धत एकच असल्यामुळे हा घोळ होतो. मोजायचं कशासाठी, हे मात्र दोन्हीकडे वेगळं.

ऑडिटमध्ये चांगलं कशाला म्हणायचं ते आधीच ठरलेलं असतं. गुठळीबद्दल भरवशाने बोलायचं तर धमनीत निदान 210 युनिट तरी हवेत, असा एक प्रचलित निकष आहे. आपले किती स्कॅन त्यात बसतात आणि बाकीचे का बसत नाहीत, एवढंच पाहायचं. कारणं अगदी साधी निघतात. मनगटाजवळ निळी, 22 गेजची बारीक कॅन्युला (शिरेत घालायची नळी) लावलेली असते. तिच्यातून सेकंदाला 4-5 मिली कॉन्ट्रास्ट ढकलणं अवघड. नाहीतर रुग्णाला "खोल श्वास घ्या" म्हटलेलं असतं. त्या श्वासासरशी पोटाकडून कॉन्ट्रास्ट नसलेलं रक्त हृदयात शिरतं आणि ऐन स्कॅनच्या वेळी धमनी फिकी पडते. मग सूचना बदलायची, कोपराच्या खळग्यात हिरवी किंवा गुलाबी, जाड कॅन्युला लावायची आणि काही महिन्यांनी पुन्हा मोजायचं. नेमकं हे दुसरं मोजणंच राहून जातं. पोस्टर लागतं, सर्टिफिकेट मिळतं, रेसिडेंट पुढच्या पोस्टिंगला जातो. अशा कामाला माझ्या लेखी ऑडिट म्हणू नये, ती नुसती मोजदाद.

संशोधनात उत्तरच हाती नसतं. ट्यूबचं व्होल्टेज 120 वरून 80 केव्हीवर आणलं की आयोडीन जास्त उजळ दिसतं, कारण क्ष-किरणांची ऊर्जा त्याच्या 33 केईव्हीच्या के-एजजवळ (ज्या ऊर्जेपाशी आयोडीन क्ष-किरण एकदम जास्त शोषतं) येते. हे माहीतच आहे. पण त्यासोबत प्रतिमेत नॉइजही (दाणेदारपणा) वाढतो. मग आपल्या मशीनवर, स्थूल रुग्णांत, कॉन्ट्रास्ट निम्मा केला तर बारीक शाखांमधली गुठळी निसटणार नाही ना? इथे तुलनेसाठी दुसरा गट लागतो, नमुन्याचा आकार आधी काढावा लागतो. कुठला स्कॅन कुठल्या प्रोटोकॉलचा हे न सांगता तो दोन रेडिओलॉजिस्टना वेगवेगळा वाचायला द्यावा लागतो आणि त्यांचं किती जुळलं हे कप्पाने (जुळणी मोजणारा सांख्यिकी आकडा) तपासावं लागतं. रुग्णाला नेहमीपेक्षा वेगळं काही मिळणार, म्हणजे एथिक्स कमिटीची मंजुरी आणि त्याची लेखी संमती आलीच.

खरी अडचण होते ती जुन्या स्कॅनवरच्या कामाची. रुग्णाला हातही लावलेला नसतो, म्हणून "ऑडिटच आहे" म्हणून मोकळं व्हायचा मोह होतो. पण प्रश्न नवा असेल तर ते संशोधनच, आणि संमतीतून सूट द्यायची की नाही हे कमिटीने ठरवायचं. पेपर पाठवल्यावर जर्नल मंजुरीचा क्रमांक मागतं. तेव्हा धावपळ करून उपयोग नसतो, कारण मागच्या तारखेची मंजुरी सहसा मिळत नाही. शंका असेल तर एक्सेल उघडण्याआधी कमिटीला अर्ध्या पानाचं पत्र द्यावं, आणि "हे ऑडिट आहे, मंजुरी नको" हे उत्तरसुद्धा लेखीच घ्यावं.