कॉलेज फुटबॉलचं रिक्रूटिंग : बारावीतल्या पोरांमागे मोठी माणसं कशी लागली

अमेरिकेत डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक प्रकार चालतो जो नवख्या माणसाला चटकन कळत नाही. शाळेच्या जिममध्ये टेबल मांडलेलं असतं, त्यावर तीन-चार कॉलेजांच्या टोप्या, मागे आईबाबा, आजी, कोच, आणि बारावीतला पोरगा त्यातली एक टोपी उचलून डोक्यावर घालतो. झालं, संपलं. पण तेवढ्यासाठी हजार मैलांवर कुणीतरी पन्नाशीचा वकील ऑफिसचं दार लावून फोनकडे बघत बसलेला असतो आणि पोराने भलतीच टोपी घातली की त्याचा पूर्ण आठवडा वाया. डॅलस, कोलंबस, अटलांटा अशा भागात नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींनी हे ऑफिसात बघितलं असेल, आणि बहुतेकांना पहिल्यांदा वाटतं की ही लोकं येडी आहेत का. येडी आहेतच थोडी, पण त्यामागे शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

आधी बेसिक गोष्ट. हा आपला फुटबॉल नाही, तो लांबट बॉलचा, हेल्मेटवाला. प्रोफेशनल लीगला म्हणजे एनएफएलला ड्राफ्ट असतो, तिथे टीम खेळाडू निवडते. आपल्या आयपीएल ऑक्शनमध्ये जसं पॅडल वर गेलं की खेळाडूला त्या शहरात जावं लागतं तसंच जवळपास. कॉलेजात उलटं आहे. तिथे पोरगा कॉलेज निवडतो, म्हणजे मोठमोठ्या कोचेसना सतरा वर्षांच्या पोराच्या घरी जाऊन सोफ्यावर बसून त्याच्या आईच्या हातचं जेवण किती छान आहे हे सांगावं लागतं. आणि निवड पोराच्या हातात असल्यामुळे ती फिरवता येते अशी आशा कायम राहते, फॅन लोकांची सगळी गंमत आणि सगळा त्रास तिथूनच निघतो.

सुरुवातीला तर फॅन हाच रिक्रूटर होता. कॉलेजांमधली पहिली मॅच रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात ६ नोव्हेंबर १८६९ ला झाली, तेव्हा टीम पोरंच चालवायची. पण पुढच्या तीसेक वर्षांत गर्दी वाढली, पैसा आला आणि माजी विद्यार्थी कामाला लागले. कोळशाच्या खाणीतला, गिरणीतला दांडगा पोरगा दिसला की त्याला पकडून आणायचं, नाव नावाला नोंदवायचं, खर्चाचं बघून घ्यायचं. काहीजण एका कॉलेजकडून खेळून झालं की सरळ दुसरीकडे जायचे, वर्गात पाय न ठेवता. १९०५ च्या सीझनमध्ये मैदानावर पोरं मेली तेव्हा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना मध्ये पडावं लागलं आणि त्यातून १९०६ मध्ये कॉलेज खेळांचे नियम ठरवणारी जी संस्था उभी राहिली ती १९१० पासून एनसीएए या नावाने ओळखली जाते. नियम आले, पाळले कुणी नाहीत. १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये कार्नेगी फाउंडेशनने कॉलेज खेळांवर जाडजूड रिपोर्ट काढला, त्यात स्पष्ट लिहिलं होतं की बहुतेक कॉलेजं खेळाडूंना कुठल्या ना कुठल्या मार्गाने पैसे देऊन आणतात. त्याच आठवड्यात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला, मग रिपोर्ट कोण वाचतोय.

दुसऱ्या महायुद्धानंतर एनसीएएने १९४८ मध्ये सॅनिटी कोड नावाचा प्रकार आणला, म्हणजे गरज असेल तर फी माफी द्या पण खेळतो म्हणून पैसे नको. सात कॉलेजांनी सांगून टाकलं की आम्हाला हे जमणार नाही, त्यांना काढून टाकायचा ठराव १९५० मध्ये आला आणि दोन तृतीयांश मतं न मिळाल्याने पडला, आणि पुढच्या वर्षी तो कोडच गुंडाळला. शेवटी १९५६ मध्ये खेळासाठीची स्कॉलरशिप अधिकृत झाली. माझ्या मते खरी सुरुवात इथून, कारण आता प्रत्येक कॉलेजकडे उघडपणे देण्यासारखं काहीतरी होतं.

तरी गोंधळ होताच. वेगवेगळ्या कॉन्फरन्सचे, म्हणजे आपापसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटांचे, वेगवेगळे करार होते, म्हणजे पोरगा एका कॉन्फरन्सच्या कॉलेजचा कागद सही करायचा आणि दुसऱ्या कॉन्फरन्सच्या कॉलेजचापण, आणि ऑगस्टमध्ये प्रॅक्टिस सुरू होईपर्यंत कोच एकमेकांची पोरं पळवत बसायचे. म्हणून १९६४ मध्ये नॅशनल लेटर ऑफ इंटेंट आलं, एकदा सही केली की बाकीच्यांनी हात लावायचा नाही. या एका कागदामुळे फॅन लोकांना एक तारीख मिळाली. साइनिंग डे. पुढे कित्येक वर्षं फेब्रुवारीचा पहिला बुधवार हा त्याचा ठरलेला दिवस होता.

त्या काळात कुणाला किती पोरं घ्यावी यावर मर्यादापण नव्हती, त्यामुळे श्रीमंत कॉलेजं शंभरावर खेळाडू बाळगायची आणि काही पोरांना तर फक्त शेजारच्या कॉलेजला मिळू नयेत म्हणून सही करून घ्यायची. १९७३ मध्ये स्कॉलरशिपवर १०५ ची मर्यादा आली, १९७८ मध्ये ९५, १९९२ मध्ये ८५. मर्यादा जितकी खाली आली तितकी एकेक जागा महाग झाली, आणि मग कुठला पोरगा घ्यायचा हा प्रश्न कोचपुरता न राहता गावभर चर्चेचा झाला.

आणि हे सगळं लिहिताना दक्षिणेतली बाजू सोडून चालणार नाही. साठच्या दशकापर्यंत तिथली मोठी कॉलेजं काळ्या खेळाडूंना घेतच नव्हती, त्यामुळे टेक्सासमधल्या बोमाँटचा बब्बा स्मिथ थेट वर मिशिगन स्टेटला जाऊन खेळला, तिथले कोच डफी डॉगर्टी दक्षिणेतून अशी पोरं उचलून न्यायचे आणि दक्षिणेतले फॅन ते नुसतं बघत बसायचे. १९६५ मध्ये डॅलसच्या एसएमयू कॉलेजने जेरी लिव्हायसला स्कॉलरशिप दिली, साउथवेस्ट कॉन्फरन्समधला स्कॉलरशिपवरचा तो पहिला काळा खेळाडू. १९७० मध्ये बर्मिंगहॅमला कॅलिफोर्नियाच्या यूएससीने अलाबामाला ४२-२१ असं धुतलं, त्यात सॅम कनिंगहॅम नावाचा काळा फुलबॅक सुसाट धावला, आणि त्या मॅचमुळे काळ्या खेळाडूंबद्दल अलाबामाचं मन बदललं असं अजून सांगतात. गोष्ट छान आहे पण विल्बर जॅक्सन या काळ्या खेळाडूला अलाबामाने आधीच सही करून घेतलं होतं, तेव्हा जरा जपूनच विश्वास ठेवा.

यानंतर जे झालं ते विलक्षण. १९८० मध्ये जॉर्जियातल्या राइट्सविल गावचा हर्शेल वॉकर साइनिंग डे उलटून गेला तरी गप्प. फेब्रुवारी गेला, मार्च गेला, सगळं राज्य अंदाज बांधतंय आणि पोरगा काही बोलेना, शेवटी ६ एप्रिलला ईस्टरच्या रविवारी त्याने जॉर्जियाची सही केली. त्याच सीझनमध्ये जॉर्जिया नॅशनल चॅम्पियन. म्हणजे एका पोराची सही पूर्ण टीमचं नशीब बदलू शकते याचा पुरावाच मिळाला, आता फॅन लोकांना कोण थांबवणार. दोन वर्षांनी मिसिसिपीतल्या फिलाडेल्फियाच्या मार्कस डुप्रीची पाळी. हे तेच गाव जिथे १९६४ च्या जूनमध्ये नागरी हक्कांच्या तीन कार्यकर्त्यांना मारून पुरलं होतं, आणि डुप्रीचा जन्म त्याच्या महिनाभर आधीचा. अठरा वर्षांत त्याच राज्यातली गोरी मोठी माणसं एका काळ्या पोराने आपल्या कॉलेजला यावं म्हणून त्याच्या दारात ताटकळत उभी. तो गेला ओक्लाहोमाला, आणि दुसऱ्याच सीझनच्या मध्यात तिथूनही निघून गेला.

पैसेवाले फॅन, ज्यांना तिकडे बूस्टर म्हणतात, ते अजून मागे हटले नव्हते. सगळ्यात गाजलेलं प्रकरण एसएमयूचंच. बूस्टर लोकांच्या फंडातून १३ खेळाडूंना मिळून सुमारे ६१,००० डॉलर गेले असं एनसीएएला सापडलं आणि फेब्रुवारी १९८७ मध्ये त्यांचा १९८७ चा पूर्ण सीझनच रद्द केला. याला डेथ पेनल्टी म्हणतात. वर टेक्सासचे गव्हर्नर बिल क्लेमेंट्स यांनी कबूल केलं की पैसे चालू ठेवायचा निर्णय मलापण माहीत होता! एसएमयू त्यानंतर दोनेक दशकं वर आलं नाही. ऐंशीच्या दशकातच एनसीएएने बूस्टर लोकांना कॅम्पसबाहेरच्या रिक्रूटिंगमधून हाकलायचे नियम कडक केले, भेटायचं नाही, फोन नाही, पत्र नाही.

हात बांधले तर डोळे उघडे होते. फॅनने आता माहिती गोळा करायला घेतली. डिअरबॉर्नला फोर्ड कंपनीत नोकरी करणारे जो टेरानोव्हा छंद म्हणून देशभरच्या पोरांच्या याद्या करायचे. शिकागोचे टॉम लेमिंग पोस्टात नोकरीला होते, सत्तरच्या दशकाच्या शेवटी गाडी काढून राज्याराज्यांत पोरांना भेटत सुटले आणि ते इतकी वर्षं करत राहिले की हायस्कूल फुटबॉलमध्ये त्यांचं नाव माहीत नाही असा कोच सापडणं अवघड. टेक्सासात मॅक्स एमफिंगर, कॅलिफोर्नियात १९८५ पासून ॲलन वॉलेस यांचं सुपरप्रेप मासिक. यांना गुरू म्हणायचे, खरंच, तिकडच्या पेपरात रिक्रूटिंग गुरू असंच छापून यायचं. मग मिनिटाला पैसे मोजायचे नाइन हंड्रेडवाले फोन नंबर आले, फोन करायचा आणि रेकॉर्ड केलेला आवाज ऐकायचा, अमुक गावचा लाइनमन तमुक कॉलेजला भेट देऊन आला. बस एवढ्यासाठी लोकांची फोनबिलं फुगायची.

इंटरनेटने याचा धंदा केला. १९९८ मध्ये जिम हेकमन यांनी सिअ‍ॅटलला रायव्हल्स ही वेबसाइट सुरू केली, डॉटकॉमच्या पडझडीत २००१ ला ते झोपलं, शॅनन टेरी यांनी ते उचलून टेनेसीत नेलं आणि महिन्याला दहाएक डॉलर घेऊन बातम्या विकायला सुरुवात केली. पोरांना स्टार द्यायची पद्धत, म्हणजे जितका चांगला खेळाडू तितके जास्त, पाचपर्यंत, याच काळात सर्वांच्या तोंडी बसली, २००२ चा त्यांचा एक नंबरचा पोरगा ह्यूस्टनचा व्हिन्स यंग, आणि जानेवारी २००६ मध्ये त्यानेच टेक्सास कॉलेजला चॅम्पियन केलं, म्हणजे जाहिरात फुकटात. २००७ मध्ये याहूने रायव्हल्स विकत घेतलं, टेरी यांनी २०१० ला २४७ स्पोर्ट्स काढलं, ते सीबीएसने २०१५ ला घेतलं, मग टेरी यांनी २०२१ ला ऑन३ काढलं. एकच माणूस तेच दुकान पुन्हा पुन्हा काढतोय आणि गिऱ्हाईक काही कमी होत नाही.

स्टारवर विश्वास ठेवावा का? दोन्ही बाजूंनी बोलता येतं. पुढे एनएफएलमध्ये मोठं नाव झालेल्या आरन रॉजर्सला वरच्या दर्जाच्या एकाही कॉलेजची ऑफर नव्हती, जॉश ॲलनला पण नाही, दोघं कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजातून वर आले. पण रिक्रूटिंगवर लिहिणाऱ्या बड एलियट यांनी ब्लू चिप रेशो म्हणून साधं गणित मांडलं, ज्या टीमच्या भरतीत निम्म्याहून जास्त पोरं चार किंवा पाच स्टारची तीच चॅम्पियन होते, आणि ते वर्षानुवर्षं बऱ्यापैकी टिकलं. त्यामुळे फेब्रुवारीत रडणारा फॅन मूर्ख नाही, त्याला माहीत असतं की तीन वर्षांनी काय होणार आहे.

टीव्ही आला आणि तमाशा वाढला. २००८ मध्ये बारावीतला टेरेल प्रायर साइनिंग डेला कॅमेऱ्यांसमोर येऊन म्हणाला अजून ठरत नाहीये, ओहायो स्टेटचं नाव घेतलं मार्च उजाडल्यावर. त्याच वर्षी नेवाडातल्या फर्नली गावात एका पोराने शाळेच्या जिममध्ये भरगच्च कार्यक्रमात टोपी घातली आणि नंतर कळलं की त्याला एकाही कॉलेजने ऑफर दिलीच नव्हती. मला यात हसू येत नाही, सगळ्या देशाने त्या वयाच्या पोरांना सांगून ठेवलंय की टोपी नाही तर तू कुणी नाही. २०१२ ला लँडन कॉलिन्सने लाइव्ह टीव्हीवर अलाबामा म्हटलं तेव्हा शेजारी बसलेल्या आईचा चेहरा बघण्यासारखा होता, तिला लुइझियानाचं एलएसयू हवं होतं आणि तिने ते तिथेच बोलूनपण दाखवलं. सहीचे कागद तेव्हा फॅक्सने यायचे आणि काही कॉलेजांनी तर फॅक्स मशीनवर कॅमेरा लावून ते लाइव्ह दाखवलं, लोक ते तासन्‌तास बघायचे. दुसरी बाजूपण आहे, पोराने शब्द फिरवला की अनोळखी मोठी माणसं त्याला थेट घाण घाण मेसेज पाठवतात, हे अजून चालू आहे.

२०१७ पासून डिसेंबरमध्ये लवकर सही करायची सोय झाली आणि फेब्रुवारी ओस पडला. पण खरा उलटापालट १ जुलै २०२१ चा. खेळाडूंना स्वतःच्या नावाचे, फोटोचे पैसे घ्यायची परवानगी मिळाली, याला एनआयएल म्हणतात. महिन्याभरात बूस्टर लोकांनी कलेक्टिव्ह काढायला घेतली, म्हणजे फॅनने वर्गणी द्यायची आणि तो पैसा खेळाडूंना. ज्या कामासाठी एसएमयूचा सीझन गेला ते आता पावती फाडून. जेडन रशाडा या क्वार्टरबॅकने (बॉल फेकणारा मुख्य खेळाडू) फ्लोरिडाला शब्द दिला, करार १ कोटी ३८ लाख डॉलरच्या वरचा, पैसे आलेच नाहीत, तो दुसरीकडे गेला आणि २०२४ मध्ये कोर्टात. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मिशिगनमधल्या बेलविलचा ब्राइस अंडरवुड एलएसयू सोडून घरच्या मिशिगनकडे वळला, देशातला एक नंबरचा पोरगा.

१९६४ चं ते लेटर ऑफ इंटेंट ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झालं. ६ जून २०२५ ला हाउस खटल्याची, म्हणजे खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या खटल्याची, तडजोड कोर्टाने मंजूर केली, त्यामुळे कॉलेजं स्वतः वर्षाला साधारण २ कोटी डॉलर सगळ्या खेळांतल्या खेळाडूंमध्ये वाटू शकतात, ८५ स्कॉलरशिपचा नियम जाऊन टीमच १०५ जणांची ठरली, आणि बाहेरून मिळणारा ६०० डॉलरच्या वरचा प्रत्येक करार तपासणीला पाठवायचा. शिवाय ट्रान्सफर पोर्टलमुळे, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीमुळे, तयार खेळाडू दुसऱ्या कॉलेजातून आणता येतो, म्हणून काही कोच बारावीची पोरं आधीइतकी घेतच नाहीत. फॅन मात्र अजून बारावीच्याच याद्या वाचतोय, फक्त आता पोराच्या नावापुढे स्टारसोबत डॉलरचा आकडापण असतो, आणि कलेक्टिव्हचा वर्गणीचा मेल आला की त्याला ठरवावं लागतं यंदा किती द्यायचे.