अख्खा खान्देश 384 चौरस किलोमीटरमध्ये

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांची 2011 च्या जनगणनेतली लोकसंख्या 79 लाख 29 हजारांच्या आसपास भरते. क्षेत्रफळ सुमारे 25 हजार चौरस किलोमीटर. म्हणजे चौरस किलोमीटरला 320 माणसंही नाहीत. त्याच जनगणनेत बृहन्मुंबईच्या 603 चौरस किलोमीटरमध्ये 1 कोटी 24 लाख लोक मोजले गेले. भागाकार येतो 20,600. या दाटीनं राहायचं ठरवलं तर सगळा खान्देश 384 चौरस किलोमीटरमध्ये मावेल. त्या चौरसाची बाजू जळगाव–भुसावळ अंतराहूनही कमी भरेल.

हा भागाकारसुद्धा मुंबईची दाटी कमीच दाखवतो. 603 मध्ये राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, तिवरं आणि खाड्या आहेत, विमानतळ आहे. तिथे घरं नाहीत. ती जागा वजा केली की माणसांच्या वाट्याला उरते ती दोन्हीकडून पाण्यानं दाबलेली, दक्षिणेकडे निमुळती होत जाणारी पट्टी. जळगाव शहर चहूबाजूंना वाढू शकतं, मुंबईला फक्त उत्तर आणि ईशान्य मोकळी. म्हणून वस्ती रेल्वेच्या रुळांना धरून सरकली. 2001 ते 2011 या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्यातली माणसं 33.4 लाखांवरून 30.9 लाखांवर आली, आणि ठाणे जिल्हा (तेव्हा पालघर त्यातच होता) सुमारे 36 टक्क्यांनी वाढला. भुसावळची गाडी कसारा घाट उतरून कल्याणला पोचते, तेव्हा शेवटचं स्टेशन अजून 50 किलोमीटरहून जास्त दूर असतं; दाट वस्ती मात्र तिथूनच सुरू झालेली असते.

खडक दोन्हीकडे एकच, आपलाच काळा बेसाल्ट. फरक त्याच्यावरच्या थराचा. आपल्याकडे त्याच खडकाची झीज होऊन आणि तापीच्या गाळानं काळी माती झाली. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पहिला पाऊस त्या भेगांत जिरतो. दक्षिण मुंबई सात बेटांमधल्या उथळ खाड्या बुजवून जोडली गेली. महालक्ष्मी आणि वरळीमधलं खिंडार 1784 च्या सुमारास बांध घालून बंद झालं, पण बांधामागची जमीन सखलच राहिली. परळचा हिंदमाता परिसर आजही बशीसारखा खोलगट आहे.

पाणी तुंबतं ते असं. तासाला 50 मिलिमीटर पाऊस पडला, तर एका चौरस किलोमीटरवर 5 कोटी लिटर पाणी जमतं. डांबर आणि काँक्रीटमध्ये ते मुरत नाही, सगळं नाल्याकडे धावतं. जुने नाले तासाला 25 मिलिमीटर पाऊस वाहून नेतील या हिशोबानं बांधलेले, तेही ओहोटी असेल तरच. अनेक नाल्यांची तोंडं भरतीच्या पातळीखाली आहेत. भरती चढली की समुद्र नाल्यात शिरतो आणि आतलं पाणी आतच अडतं. तेव्हा दरवाजे लावून पंपानं पाणी बाहेर फेकावं लागतं. हाजी अली आणि इर्ल्याची उदंचन केंद्रं हेच काम करतात. पण 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. जळगावला वर्षभरात साधारण 700 पडतो.

म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईला निघताना पावसाच्या अंदाजाबरोबर भरतीची वेळ आणि उंचीही पाहावी. दोन भरत्यांमध्ये सुमारे साडेबारा तास असतात आणि अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास त्या सर्वात उंच चढतात. साडेचार मीटरवरची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी असेल, तर पाणी ओसरायला ओहोटी लागेपर्यंत थांबावं लागतं.