तळहातावर मावणारा भूसुरुंग

कंबोडियातील अंकोरवाट पाहायला जाणाऱ्या कोल्हापूरकरांची संख्या आता कमी राहिलेली नाही. पण सिएम रीपपासून साधारण पंचवीस किलोमीटरवर, बांतेय स्रेई मंदिराच्या वाटेवर असलेले भूसुरुंग संग्रहालय बहुतेक सहलींतून गळते. बालपणीच ख्मेर रूज या तिथल्या कट्टर कम्युनिस्ट संघटनेच्या सैन्यात ओढल्या गेलेल्या, स्वतः सुरुंग पेरलेल्या आणि पुढे तेच हाताने उकरून निकामी करू लागलेल्या आकी रा यांनी ते १९९७ मध्ये सुरू केले. आमच्या गटात शिरोळ तालुक्यातील एक निवृत्त सुभेदार होते. त्यांच्या आग्रहामुळे आम्ही तेथे गेलो आणि मांडलेल्या सुरुंगांची रचनाही त्यांनीच उलगडून सांगितली.

त्यांनी सर्वांत जास्त वेळ एम-१४ या अमेरिकन बनावटीच्या सुरुंगावर घालवला. त्याचा व्यास ५६ मिलिमीटर, उंची ४० मिलिमीटर आणि वजन सुमारे १०० ग्रॅम असते. आत टेट्रिल हे स्फोटक जेमतेम २९ ग्रॅम. बाहेरचे कवच प्लॅस्टिकचे असून आत बशीच्या आकाराची, वर फुगलेली स्प्रिंग बसवलेली असते. वरून साधारण दहा ते पंधरा किलोंचा भार पडला की ती झटक्यात उलटी होते, तिच्याखालची टाचणी स्फोटक टोपीवर आदळते आणि स्फोट होतो. बॅटरी नाही, वायर नाही, घड्याळ नाही. त्यामुळे बिघडण्यासारखे फारसे काही नसते आणि सुरुंग कित्येक दशके तसाच टिकतो. दहा-पंधरा किलो हा भार सैनिकाचाच असावा लागत नाही, लहान मुलाचाही पुरतो.

एवढ्याशा स्फोटकाने माणूस सहसा मरत नाही, आणि तसा हेतूही नसतो, कारण जखमी सैनिकाला उचलून नेण्यासाठी आणखी दोघे-तिघे अडकून पडतात. स्फोटाची लाट क्षणार्धात टाचेतून वर चढते आणि स्नायूंचे थर हाडापासून सुटतात. त्या फटींत माती, गवत, चपलेचे तुकडे आणि हाडांच्या कपच्या खोलवर घुसतात. मग स्नायू पुन्हा मिटतात आणि घाण आतच राहते. मातीतील जंतूंमुळे सडणे सुरू होण्याचा धोका असल्याने शल्यचिकित्सकाला बऱ्याचदा दिसणाऱ्या जखमेच्या बरेच वर, पोटरीतूनच पाय कापावा लागतो.

मुलांच्या बाबतीत गोष्ट तिथेच थांबत नाही. कापलेल्या पायाचे हाड वाढतच राहते आणि कातडी त्या वेगाने वाढत नाही, म्हणून काही मुलांवर पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. कृत्रिम पायही वाढीबरोबर सतत बदलावा लागतो. भातखाचरात अनवाणी उतरणाऱ्या आणि जमिनीवर उकिडवे बसणाऱ्या माणसाला युरोपीय पद्धतीचा, बुटात घालायचा पाय कामाचा नाही, हे आपल्या गगनबावडा-राधानगरीकडच्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. जयपूरमध्ये रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस घडवलेला रबरी ‘जयपूर फूट’ म्हणूनच अफगाणिस्तान आणि कंबोडियापर्यंत पोहोचला.

सुरुंग पेरायला मिनिटे लागतात, काढायला वर्षे. धातुशोधक यंत्र खिळा, काडतुसाची पुंगळी आणि सुरुंग यांत फरक करत नाही, त्यामुळे प्रत्येक आवाजाला गुडघ्यावर बसून, सळई तिरकी खुपसत माती चाचपावी लागते. आफ्रिकेतील गालात दाणे साठवणारे मोठे उंदीर धातूकडे दुर्लक्ष करून थेट टीएनटी या स्फोटकाचा वास घेतात आणि हलके असल्याने सुरुंग उडत नाही. त्यांपैकी मागावा या उंदराने कंबोडियात ७१ सुरुंग शोधले आणि २०२० मध्ये त्याला शौर्याबद्दल सुवर्णपदक मिळाले.

नकाशा असला तरी भरवसा नसतो. २०१४ च्या मे महिन्यात बोस्नियात पूर आला, दरडी कोसळल्या आणि सुरुंगांबरोबर धोक्याच्या पाट्याही वाहून गेल्या. पंचगंगेच्या पुरानंतर शेताचा बांध कुठे होता हे शोधणाऱ्यांना याचा अर्थ लगेच कळेल.

सुरुंगबंदीचा ओटावा करार १९९९ पासून लागू आहे. भारत त्यात नाही, तसेच पाकिस्तान, चीन, रशिया आणि अमेरिकाही नाहीत. १९९६ च्या एका सुधारित नियमावलीला मात्र भारताने मान्यता दिली आहे. यंत्राला सापडावा म्हणून प्रत्येक सुरुंगातून किमान ८ ग्रॅम लोखंडाइतका संकेत मिळाला पाहिजे, असे ती सांगते. सुभेदारांच्या मते एवढी लांब सीमा राखायची तर सुरुंगांना पर्याय नाही. हे मला पटले नाही. संसदेवरील हल्ल्यानंतर २००१-०२ मध्ये राजस्थान-पंजाबच्या सीमेवर पेरलेल्या सुरुंगांमुळे आपल्याच शेतकऱ्यांच्या जमिनी पडून राहिल्या, आणि जम्मू-काश्मीरच्या उतारांवर पावसाबर्फाने सरकलेल्या सुरुंगांनी जखमी होणाऱ्यांत गस्तीवरचे आपलेच जवान असतात. हे मी त्यांना म्हणालो, तेव्हा तशी गस्त आपणही घातली असल्याचे त्यांनी सांगितले. मत मात्र बदलले नाही.