रॉकेलच्या ट्रॅक्टरपासून मेथॅनॉलच्या बाटलीपर्यंत : टर्बो नसलेल्या इंजिनातलं पाणी

पाणी-मेथॅनॉल इंजेक्शनचा, म्हणजे इंजिनात पाणी आणि मेथॅनॉल या अल्कोहोलचा फवारा सोडण्याचा, विषय निघाला की दुसऱ्या महायुद्धातली लढाऊ विमानं आणि टर्बोच्या गाड्या यांचीच नावं पुढे येतात. त्यातून एक समज पक्का झाला आहे की इंजिनात पाण्याचा फवारा सोडला की ताकद वाढते. मग ज्यांच्या गाडीला टर्बो नाही, सुपरचार्जर नाही (दोन्ही इंजिनात जादा हवा कोंबणारे पंप), तेही विचारतात की आमच्या साध्या इंजिनाला किट बसवलं तर किती अश्वशक्ती मिळेल? गंमत म्हणजे हे तंत्र जन्माला आलं ते अशाच साध्या इंजिनात, आणि तेव्हा ताकदीचा हव्यास नव्हता. इंधन हलक्या प्रतीचं होतं, म्हणून पाणी लागलं. पुढच्या शंभर वर्षांतही टर्बो नसलेल्या इंजिनात पाणी परतलं ते बहुतेक वेळा इंधनानं दगा दिल्यावरच.

सुरुवात बुडापेस्टची. दोनात बांकी आणि यानोश चोंका या दोघा हंगेरियन अभियंत्यांनी १८९३ मध्ये कार्ब्युरेटरचं, म्हणजे हवेत इंधन मिसळून देणाऱ्या भागाचं, पेटंट घेतलं. फुलं विकणारी एक मुलगी फुंकणीनं फुलांवर पाणी उडवत होती, ते पाहून त्यांना कल्पना सुचली, अशी एक कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, त्याच दशकात बांकीनं इंधनाबरोबर पाण्याचाही फवारा सिलिंडरमध्ये सोडणारं इंजिन तयार केलं. त्यामागचं गणित साधं होतं. हवा आणि इंधनाचं मिश्रण जितकं जास्त दाबावं तितकं त्याच इंधनातून जास्त काम निघतं, पण दाबलं की ते तापतं. फार तापलं की ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं आणि इंजिन ठोके देऊ लागतं. त्यालाच आपण नॉकिंग म्हणतो. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,२५० किलोज्यूल उष्णता लागते. ही उष्णता मिश्रणातून काढून घेतली की भडका लांबतो आणि कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण, वाढवायला वाव मिळतो.

इंग्लंडमध्ये केंब्रिजचे प्राध्यापक बर्ट्राम हॉपकिन्सन यांनी १९१३ च्या सुमारास मोठ्या गॅस इंजिनांत आतूनच पाण्याचा फवारा मारून सिलिंडर थंड ठेवण्याचे प्रयोग मांडले. १९१८ मध्ये विमान अपघातात ते गेले. नॉकिंगचा पाठपुरावा पुढे नेला तो त्यांचाच विद्यार्थी हॅरी रिकार्डो यानं. त्याच्याकडे आपण येऊच.

त्याआधी शेतात जायला हवं, कारण पाण्याचा खरा रोजचा वापर तिथे झाला. १९१० नंतर अमेरिकेत पेट्रोलवर मोटारींचा हक्क वाढत गेला आणि ट्रॅक्टरवाल्यांनी स्वस्त रॉकेलकडे मोर्चा वळवला. रॉकेलचं ऑक्टेन, म्हणजे ठोके न देता दाब सोसण्याची क्षमता, अगदीच कमी, शिवाय त्याची वाफ व्हावी म्हणून इंजिन गरम ठेवावं लागे. ओझं ओढताना इंजिन ठोके द्यायला लागे. इंडियानातल्या ला पोर्टमधल्या रुमेली कंपनीच्या ‘ऑइलपुल’ ट्रॅक्टरांवर सेकोर-हिगिन्स कार्ब्युरेटर असे. त्यात तीन कप्पे होते. एक पेट्रोलचा, थंड इंजिन सुरू करण्यापुरता. दुसरा रॉकेलचा. तिसरा पाण्याचा. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ‘टायटन १०-२०’ वरही पाण्याची सोय होती. नांगर खोल गेला, इंजिनाचा आवाज बदलला की चालवणाऱ्यानं पाण्याची चावी थोडी उघडायची. ओझं उतरलं की बंद करायची. आज ज्याला ‘लोडप्रमाणे नियंत्रण’ म्हणतात ते काम तेव्हा शेतकऱ्याचा कान करत होता, आणि मला वाटतं पुढच्या कित्येक किटांपेक्षा चांगलं करत होता.

ही गरज संपवली ती रसायनशास्त्रानं. ९ डिसेंबर १९२१ रोजी जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांना टेट्राएथिल लेडचा गुण सापडला. पेट्रोलमध्ये शिशाचं हे संयुग नावापुरतं मिसळलं तरी नॉकिंग थांबे. फेब्रुवारी १९२३ मध्ये ओहायोतल्या डेटनमध्ये असं पेट्रोल विकायला सुरुवात झाली. वेगळी टाकी नको, चावी नको, पाणी गोठण्याची भीती नको. शिशाचं विष लोकांच्या रक्तात उतरतंय हे मान्य व्हायला पुढे अर्धं शतक गेलं, पण इंजिनापुरता प्रश्न सुटला होता. मोटारीतून पाणी हद्दपार झालं.

रिकार्डोनं पहिल्या महायुद्धानंतर लगेच, चालू असताना कॉम्प्रेशन बदलता येईल असं ‘ई-३५’ नावाचं प्रायोगिक इंजिन बांधलं आणि कोणतं इंधन किती दाबापर्यंत ठोके न देता टिकतं हे मोजून दाखवलं. १९३० च्या दशकात त्यानं सुपरचार्जर लावलेल्या इंजिनात पाणी, आणि पुढे पाण्यात मेथॅनॉल, असे प्रयोग केले. युद्धात त्याचा पुरेपूर वापर झाला. अमेरिकेच्या पी-४७ थंडरबोल्टमधल्या प्रॅट अँड व्हिटनी आर-२८०० इंजिनाला आणीबाणीत जादा दाब द्यायला पाणी मिळालं. जर्मनांचं मिश्रण ‘एमडब्ल्यू ५०’, म्हणजे जवळपास निम्मं मेथॅनॉल, निम्मं पाणी आणि गंज रोखायला चिमूटभर तेल. मेथॅनॉल आलं ते आधी उंचावर पाणी गोठू नये म्हणून. ते स्वतः जळतं आणि त्याचं ऑक्टेनही चढं आहे, हा वरचा नफा.

इथेच घोळाचं मूळ आहे. त्या इंजिनांत ताकद वाढवत होता तो सुपरचार्जर. हवा जास्त कोंबली जात होती, म्हणून ताकद वाढत होती. पाणी फक्त ती जादा हवा इंजिनाला पचवून देत होतं. युद्धानंतर कीर्ती मात्र पाण्याच्या नावावर चढली, आणि ती घेऊन ते पुन्हा रस्त्यावर आलं.

१९४० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत साध्या मोटारी आणि ट्रकसाठी अशी उपकरणं विकली जाऊ लागली. क्लीव्हलंडच्या थॉम्प्सन प्रॉडक्ट्स या कंपनीचं ‘व्हिटामीटर’ त्यातलं नावाजलेलं. पाणी आणि अल्कोहोलचं मिश्रण ते फक्त जोर लागेल तेव्हाच सोडत असे. हे ‘तेव्हाच’ महत्त्वाचं आहे. टर्बो नसलेल्या इंजिनात एक्सिलरेटर सोडलेला असताना मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत, जोरदार व्हॅक्यूम असतो, आणि पूर्ण दाबला की व्हॅक्यूम जवळजवळ संपतो. हौशी लोक बाटलीला नळी लावून ती थेट मॅनिफोल्डला जोडत. त्यातून व्हायचं असं की सिग्नलला उभ्या गाडीत पाणी भरपूर ओढलं जाई आणि घाट चढताना, म्हणजे नेमकं हवं तेव्हा, थेंबही येत नसे. अशा बाटल्या कित्येक वर्षं विकल्या गेल्या, वर ‘मायलेज वाढतं’ अशी जाहिरातही झाली. व्हॅक्यूम घटला की पंप सुरू करणारी कळ, किंवा कार्ब्युरेटरच्या व्हेंच्युरीतून (अरुंद गळ्यातून) ओढ घेणारी रचना, हे दोनच मार्ग कामाचे होते.

तरीही १९५० आणि ६० च्या दशकांत या उपकरणांना मोठं गिऱ्हाईक मिळालं नाही. शिशाचं पेट्रोल स्वस्त होतं आणि त्याचं ऑक्टेन चढतच होतं. १९६२ च्या ओल्ड्समोबाइल जेटफायरनं ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’ नावानं पाणी-मेथॅनॉल आणलं खरं, पण ती टर्बोची गाडी. मालक बाटली भरायला विसरत, आणि शेवटी कंपनीनंच टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून द्यायची तयारी दाखवली.

मग १९७० उजाडलं. जनरल मोटर्सचे अध्यक्ष एड कोल यांनी १९७१ च्या मॉडेलपासून आपल्या गाड्या कमी शिशाच्या, ९१ ऑक्टेनच्या पेट्रोलवर चालतील असं जाहीर केलं. धुरातले घातक वायू निवळणाऱ्या, पुढे येणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला शिसं चालणार नव्हतं. कारखान्यांनी एका वर्षात कॉम्प्रेशन खाली आणलं. शेव्हर्लेच्या ४५४ घनइंची ‘एलएस ६’ इंजिनाचं कॉम्प्रेशन १९७० मध्ये ११.२५ होतं, १९७१ च्या कॉर्व्हेटमध्ये तेच इंजिन ९ वर आलं. नव्या गाड्यांचा प्रश्न मिटला, पण रस्त्यावर आधीच आलेल्या दहा-अकरा कॉम्प्रेशनच्या लाखो इंजिनांचं काय? त्यात १९७३ चं तेलसंकट आलं. पंपावर चांगलं प्रीमियम मिळेना, मिळालं तर परवडेना. इग्निशन मागे घ्यावं, म्हणजे ठिणगी उशिरा पाडावी, तर गाडी मरगळते, न घ्यावं तर ठोके.

टर्बो नसलेल्या मोटारीत पाण्याचा हाच खरा सुगीचा काळ. स्पिअर्कोसारख्या कंपन्यांची किट बाजारात आली, १९८० च्या सुमारास एडलब्रॉकनं ‘व्हारा-जेक्शन’ काढलं. त्यात इंजिनाचे फेरे आणि व्हॅक्यूम पाहून पाण्याचं प्रमाण ठरवणारं इलेक्ट्रॉनिक नियंत्रण होतं. घरच्या घरी जमवणारे काच धुण्याचा पंप, व्हॅक्यूमची कळ आणि कार्ब्युरेटरच्या तोंडाशी एक बारीक नोझल एवढ्यावर भागवत. अमेरिकेत थंडीसाठी विकल्या जाणाऱ्या निळ्या वॉशर फ्लुइडमध्ये मेथॅनॉल असतंच, तेच टाकीत ओतत. ही माणसं ताकद वाढवत नव्हती. १९६९ ची गाडी १९७९ च्या पेट्रोलवर पूर्वीइतकीच पळावी, एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते त्यांना मिळत होतं.

ताकद का वाढत नाही, हे थोडं उलगडून सांगायला हवं. टर्बोतून निघालेली हवा शंभर अंशांच्या वर सहज जाते, तिच्यात पाणी झटकन वाफ होतं. साध्या इंजिनात शिरणारी हवा बाहेरच्या हवेइतकीच, फार तर बॉनेटखाली थोडी तापलेली. तिथे पाण्याची गत डेझर्ट कूलरसारखी होते: नागपूरच्या मे महिन्यात गारवा, मुंबईच्या जूनमध्ये नुसता ओलावा. उरलेलं पाणी सिलिंडरमध्ये, दाबताना आणि जळताना वाफ होतं. नॉकिंग रोखायला ते उपयोगी, पण जास्त हवा आत घ्यायला नाही. उलट जी वाफ आधीच तयार झाली ती हवेची जागा अडवते. मेथॅनॉलचं थोडं बरं. त्याची वाफ कमी तापमानाला होते, किलोमागे ते सुमारे १,१०० किलोज्यूल उष्णता घेतं (पेट्रोल ३५० च्या आसपास) आणि ते इंधनही आहे. पण पेट्रोलला किलोमागे साधारण १४.७ किलो हवा लागते, मेथॅनॉलला ६.४. पेट्रोल कमी न करता मेथॅनॉल वाढवलं की मिश्रण ‘रिच’ होतं, म्हणजे त्यात हवेच्या मानानं इंधन जास्त होतं, आणि हाती आलेलं निसटतं.

म्हणजे ज्या इंजिनाला आहे त्या पेट्रोलवर ठोके बसत नाहीत, इग्निशन आधीच योग्य जागी आहे, त्याला पाण्यानं काही मिळत नाही, बहुधा थोडं जातंच. ज्याला ठोके बसतात त्याला पाणी इग्निशन पुढे घ्यायची किंवा कॉम्प्रेशन वाढवायची मुभा देतं. मिळकत त्या बदलाची असते. आणि इथे साध्या इंजिनाची एक अडचण आहे, तिच्याबद्दल किट विकणारे फारसं बोलत नाहीत. बाटली रिकामी झाली तर टर्बोचा दाब एखादी व्हॉल्व्ह कमी करू शकते. जेटफायरमध्ये १९६२ मध्येही तशी सोय होती. पिस्टनचं कॉम्प्रेशन मात्र धातूत घडवलेलं असतं. ते कमी करता येत नाही. इग्निशन मागे खेचणारी यंत्रणा नसेल तर चालकानं पाय काढणं एवढाच उपाय उरतो.

भारतात हा खेळ मोटारींत रंगलाच नाही. अँबॅसिडर आणि पद्मिनीची इंजिनं त्या काळच्या कमी ऑक्टेनच्या पेट्रोलला धरूनच कमी कॉम्प्रेशनची ठेवलेली होती. शिसंमुक्त पेट्रोल मुंबईसह चार महानगरांत १९९५ मध्ये आलं, देशभर १ फेब्रुवारी २००० पासून, तोवर फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या येऊ लागल्या होत्या. पाणी-मेथॅनॉल आपल्याकडे वापरलं गेलं ते विमानांत. कानपूरला बांधलेल्या ‘ॲव्हरो’ एचएस ७४८ च्या रोल्स-रॉइस डार्ट इंजिनांना उन्हाळ्यात उड्डाणाच्या वेळी घटलेली ताकद भरून काढायला हे मिश्रण देत. मेथॅनॉल सहज हाती येण्यासारखं नाही, हेही आहे. ते विष म्हणून परवान्याखाली येतं, आणि २०१५ मध्ये मालवणीत मेथॅनॉल मिसळलेल्या दारूनं शंभराहून अधिक माणसं गेल्यावर महाराष्ट्रात कुणाला त्याचं कारण सांगायला नको. शिवाय त्याची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही, ते त्वचेतूनही शरीरात जातं. बॉनेटखाली साध्या प्लॅस्टिकच्या बाटलीत ते ठेवण्याचा सल्ला मी तरी देणार नाही.

नव्या इंजिनांनी पाण्याचं काम वाटून घेतलं आहे. नॉक सेन्सर ठोका ऐकून क्षणात इग्निशन मागे घेतो. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल सिलिंडरमध्येच फवारलं जातं आणि स्वतःच मिश्रण थंड करतं. माझ्दानं २०११ मध्ये आणलेलं ‘स्कायॲक्टिव्ह-जी’ टर्बोशिवाय १४ कॉम्प्रेशनपर्यंत गेलं, त्यात लांब एक्झॉस्टनं सिलिंडरमधला तापलेला धूर पुरता बाहेर काढणं ही मोठी युक्ती होती. बीएमडब्ल्यूच्या एम४ जीटीएसमध्ये बॉशची पाण्याची यंत्रणा २०१६ मध्ये कारखान्यातूनच आली, तीही टर्बोच्या इंजिनावर. आणि आपल्या पंपावरच्या ई-२० पेट्रोलमध्ये पाचवा हिस्सा इथेनॉल आहे. मायलेज घटल्याची तक्रार खरी आहे, पण त्यामुळे ऑक्टेन ९१ वरून ९५ पर्यंत चढलं, आणि साध्या इंजिनात बाटलीतलं मिश्रण जे काम करायचं त्यातलं थोडं आता टाकीतलं पेट्रोलच करतं.