आर्सेनाइट की आर्सेनेट? फिल्टर घेण्याआधी हे वाचा

बोअरच्या पाण्यात आर्सेनिक निघालं, आता कोणता फिल्टर बसवू, असं ग्राहक विचारतात. आम्ही आधी विचारतो: ते आर्सेनाइट आहे की आर्सेनेट? ही आर्सेनिकची पाण्यातली दोन रूपं. दोन्हींची पेशीत शिरायची वाट वेगळी असते आणि फिल्टरही त्यावरच ठरतो.

प्रत्येक पेशीभोवती मेदाचं पातळ, दुपदरी पटल असतं. विद्युतभार असलेले कण त्यातून सहसा पार होत नाहीत. त्यांच्यासाठी पटलात प्रथिनांचे ठरावीक मार्ग असतात. आर्सेनेटवर असा भार असतो आणि ते दिसायला फॉस्फेटसारखं. पेशीला फॉस्फेट सतत लागतं, म्हणून ते आत घेणारी वाहक प्रथिनं आर्सेनेटलाही आत घेतात. आत ते एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, तयार होताना फॉस्फेटची जागा घेतं, पण बनलेलं संयुग लगेच तुटतं आणि ऊर्जा वाया जाते.

आर्सेनाइट त्याहून घातक. सामू 7 च्या आसपास असलेल्या पाण्यात त्याच्यावर बहुतांशी विद्युतभारच नसतो. ग्लिसरॉल ने-आण करणाऱ्या अ‍ॅक्वाग्लिसरोपोरिन वाहिन्यांमधून ते सरळ आत जातं, प्रथिनांमधल्या गंधकाला घट्ट चिकटतं आणि त्यांचं काम बंद पाडतं. शिवाय पेशीत ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू वाढून खुद्द पटलातली मेदाम्लं खराब होऊ लागतात. पेशी ग्लुटाथायोन या स्वतःच्या संरक्षक रेणूला जोडून काही आर्सेनिक बाहेर टाकते, पण रोज पाण्यातून नवं येतच राहिलं तर तिची ताकद अपुरी पडते.

भार नसल्यामुळेच आर्सेनाइट आरओच्या मेंब्रेनमधूनही जास्त निसटतं आणि फिल्टरमधल्या आर्सेनिक धरून ठेवणाऱ्या माध्यमावर, म्हणजे अ‍ॅल्युमिनावर नीट धरलं जात नाही. म्हणून आम्ही आधी क्लोरीन देऊन त्याचं आर्सेनेट करतो. उरलेलं क्लोरीन मात्र कार्बनमधून काढावंच लागतं, नाहीतर आरओचं मेंब्रेन खराब होतं.

नमुना कृपया घरून बाटलीत भरून आणू नका. हवा लागली की आर्सेनाइटचं रूप वाटेतच बदलू शकतं, लोह असलेल्या पाण्यात तर हमखास. आमचा माणूस बोअरवर येऊन नमुना तिथेच गाळतो आणि त्यात आम्ल घालतो.

पाणी उकळून आर्सेनिक जात नाही. पाणी आटतं तसं ते उलट दाट होतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे. एवढ्याशा आर्सेनिकाला ना चव असते, ना वास, ना रंग. त्यामुळे फिल्टरमधलं माध्यम संपलं तरी पिताना कळत नाही. फिल्टरमधून निघणारं पाणी ठरलेल्या तारखेला तपासून घ्याच.